बारा मणक्यांचं एक हाड

"ऑपरेशन तर झालं ना? मग आता काय दुखतंय?"

पाठीत सळ्या घातलेल्या माणसाला हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, कधीकधी घाईत असलेला डॉक्टरही विचारतो. आमच्या डहाणूच्या आगरात माझ्या मामेबहिणीला तो गेली कित्येक वर्षं विचारला जातोय. ताई शाळेत असतानाच तिच्या कण्याला बाक येऊ लागला होता. पंधराव्या वर्षी मुंबईत ऑपरेशन झालं, बाक बराचसा सरळ झाला. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली. आता चाळिशीत मात्र दुपार कलली की तिची पाठ भरून येते. सळ्यांच्या खाली, कमरेच्या तळाशी ठणका लागतो आणि उजव्या खांद्याच्या पात्यामागे कळ येते. कोणी विचारलं तर ती "चालतंय" म्हणते.

तिचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मी पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा माझं लक्ष सळ्यांकडेच गेलं. दोन पांढऱ्या रेषा आणि त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे हुक आणि स्क्रू. पण खरी नवलाची गोष्ट त्या रेषांच्या मागे होती. पाठीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत बारा मणके, आणि त्यांच्या मागच्या बाजूचे एकमेकांतले सांधे कुठे दिसतच नव्हते. तिथे सलग हाड होतं. जन्माला येताना तिच्याकडे ते हाड नव्हतं. ते तिच्या शरीराने पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतः घडवलं.

हे हाड घेऊन ती वाडीत खाली पडलेला चिकू कशी उचलते ते पाहण्यासारखं आहे. एक पाय पुढे, एक मागे. गुडघे वाकतात, खुब्यातून सगळं धड पुढे झुकतं आणि हात जमिनीला टेकतो. पाठ वरपासून खालपर्यंत एका रेषेत राहते. अनोळखी माणसाला यात काही वेगळं जाणवतही नाही, कारण आपण सगळेच वाकताना निम्मंअधिक काम खुब्यांकडून आणि कमरेच्या तळाच्या दोन सांध्यांकडून करून घेतो. छातीमागचे मणके बरगड्यांनी जखडलेले असल्यामुळे मुळातच फारसे वाकत नाहीत. शल्यविशारद एवढा मोठा भाग कायमचा सांधू शकतात आणि माणूस तरीही चालतो, पोहतो, मूल कडेवर घेतो, त्याचं रहस्य यात आहे. दुखण्याचं मूळही बरंचसं इथेच आहे.

आधी बाकाविषयी. स्कोलिओसिस म्हणजे कणा एका बाजूला वाकणं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. प्रत्यक्षात कणा वाकतो तसा पिळलाही जातो. मणके स्वतःभोवती फिरतात आणि आपल्यासोबत बरगड्यांनाही फिरवतात, म्हणून एका बाजूची पाठ वर येते. उभ्या मुलीच्या अंगात सैल कुडता असेल तर हे झाकून जातं. तिला गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगितलं की पाठीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसतो. या साध्या तपासणीला लंडनचे शल्यविशारद विल्यम अॅडम्स यांचं नाव आहे. त्यांची या विषयावरची व्याख्यानं 1865 साली प्रसिद्ध झाली.

अॅडम्सच्या ज्ञानामागे एका अभागी माणसाची पाठ आहे. गिडियन मँटेल हा इंग्लंडमधला गावडॉक्टर. त्याला जमिनीतल्या जुन्या हाडांचा आणि दातांचा नाद होता. इग्वानोडॉन या डायनोसॉरचं पहिलं वर्णन त्याने 1825 साली केलं. 1841 मध्ये घोडागाडीच्या अपघातानंतर त्याची पाठदुखी असह्य झाली. पाठीत गाठ आहे अशी त्या वेळच्या डॉक्टरांची समजूत होती. वेदना दाबण्यासाठी तो अफू घेत राहिला आणि 1852 मध्ये अफूची मात्रा जास्त होऊन गेला. शवविच्छेदन अॅडम्सने केलं. गाठ कुठेच नव्हती, कमरेचा कणा भयंकर वाकलेला आणि पिळलेला होता. तो कणा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात शंभराहून जास्त वर्षं ठेवलेला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचं शरीर एका दातावरून ओळखणाऱ्या माणसाची स्वतःची पाठ जिवंतपणी कोणालाच वाचता आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आज हा बाक अंशांत मोजतात. ती पद्धत अमेरिकेतल्या जॉन कॉब यांनी 1948 साली मांडली. दहा अंशांपेक्षा जास्त बाक असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीच्या वयातल्या शंभर मुलामुलींमागे दोन-तीन जणांत तो सापडतो. बहुतेकांचा बाक किरकोळ राहतो. वाढत जाणारे मोठे बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतात, आणि अशा बहुतेक मुलींत त्याचं नेमकं कारण आजही सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडं बसल्याने तो येत नाही. आयांनी स्वतःला दोष देऊ नये, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे गेला की वाढ थांबल्यावरही तो हळूहळू वाढतच जाण्याची शक्यता असते, आणि छातीतला बाक फार वाढला तर फुप्फुसांना जागा अपुरी पडते. ऑपरेशनचा सल्ला देतात तो मुख्यतः या पुढच्या वाढीला थांबवण्यासाठी.

सळ्यांची कथा टेक्सासमधल्या ह्यूस्टनला सुरू होते. पोलिओच्या साथींनंतर तिथे पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे वाकलेल्या पाठींच्या मुलांची रांग लागली होती. त्यांनी पोलादी सळी आणि हुक वापरून कणा वर-खाली ताणून सरळ केला. सुरुवातीला त्यांनी नुसती सळी घातली, मणके सांधले नाहीत. हुक निसटू लागले, सळ्या तुटू लागल्या. धातू कितीही मजबूत असला तरी रोजच्या हजारो हालचालींनी तो थकतो. हाडाचं तसं नाही, हाड झिजलं की शरीर ते पुन्हा भरून काढतं. हे लक्षात आल्यावर सळीच्या जोडीला मणके सांधण्याची पद्धत रूढ झाली. हॅरिंग्टन यांनी आपलं काम 1962 साली प्रसिद्ध केलं आणि पुढची वीसेक वर्षं जगभर त्यांचीच सळी वापरली गेली.

म्हणजे सळी हा तात्पुरता आधार. ऑपरेशनमध्ये मणक्यांवरचे स्नायू दोन्ही बाजूंना सोडवतात, मागचे छोटे सांधे खरवडतात आणि तिथे हाडाचे बारीक तुकडे पसरतात. पूर्वी हे तुकडे बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढत. पुढच्या काही महिन्यांत शरीर त्या तुकड्यांवर नवं हाड रचतं, जुने तुकडे विरघळवतं आणि शेवटी सगळं एकसंध करतं. त्यानंतर सळीला फारसं काम उरत नाही. काही त्रास नसेल तर ती काढत नाहीत, कारण काढण्यासाठी पुन्हा तेवढीच मोठी चीर द्यावी लागते.

या ऑपरेशनमधली सगळ्यात धाकधुकीची गोष्ट म्हणजे कणा सरळ करताना आतला मज्जारज्जू ताणला जाण्याची भीती. 1973 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी यावर एक धाडसी उपाय प्रसिद्ध केला: पाठ उघडी असतानाच भूल हलकी करायची, रुग्णाला हाक मारायची आणि पायाची बोटं हलवायला सांगायची. बोटं हलली की पुन्हा भूल. रुग्णाला पुढे यातलं बहुधा काही आठवत नसे. आता बहुतेक मोठ्या रुग्णालयांत विजेच्या बारीक संकेतांनी मज्जारज्जूवर सतत नजर ठेवतात.

एवढं सगळं नीट झालं, हाड जुळलं, तर मग वीस-पंचवीस वर्षांनी दुखतं का?

एक कारण हॅरिंग्टनच्याच पद्धतीत होतं. समोरून पाहिलं तर कणा सरळ असायला हवा, पण बाजूने पाहिलं तर त्याला वळणं असायलाच हवीत. नवजात बाळाचा कणा एकाच दिशेने वाकलेला असतो. बाळ मान धरतं तेव्हा मानेचं आतलं वळण तयार होतं, उभं राहून चालू लागतं तेव्हा कमरेचं. त्या कमरेच्या खोलगटीमुळे डोकं बरोबर कटीवर येतं आणि उभं राहायला फार थोडी ताकद लागते. सळीने कणा वर-खाली ताणला की ही खोलगट सपाट होते. मग माणूस पुढे झुकतो. तोल सावरायला नकळत गुडघे किंचित वाकवतो, आणि मांडीचे, पाठीचे स्नायू दिवसभर ओढ धरून राहतात. सकाळी बरं आणि संध्याकाळी पाठ मोडून येते, ती या श्रमाने. फ्रेंच शल्यविशारद जाँ द्युबुसे यांनी यावर एक सुंदर कल्पना मांडली. पायांपाशी टोक आणि वर रुंद होत जाणारा एक अदृश्य शंकू आपल्याभोवती आहे असं समजा. त्याच्या मध्याजवळ राहिलात तर उभं राहणं जवळजवळ फुकट पडतं, कडेकडे सरकलात की दर मिनिटाला ताकद मोजावी लागते. याच द्युबुसे यांनी इव्ह कोत्रेल यांच्यासोबत 1980 च्या दशकात नवी पद्धत आणली. तिच्यात सळी बाजूच्या वळणानुसार वाकवून बसवता येते. आजच्या स्क्रूच्या पद्धती तिथूनच पुढे आल्या, त्यामुळे अलीकडे ऑपरेशन झालेल्या मुलींत सपाट पाठीचा त्रास पूर्वीइतका होत नाही.

दुसरं कारण उरलेल्या सांध्यांचं. प्रौढ माणसाच्या मणक्यांतल्या गाद्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाबल्या आणि सुटल्या की आजूबाजूचा द्रव आत-बाहेर होतो, त्यावर त्या जगतात. दिवसभर उभं राहून त्यांतलं पाणी कमी होतं म्हणून आपण संध्याकाळी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बुटके असतो, आणि रात्री पाठ टेकली की त्या पुन्हा फुगतात. ताईच्या कमरेत वाकणाऱ्या अशा तीनच गाद्या उरल्या आहेत. वर बारा मणक्यांचं एक हाड आणि खाली तीन गाद्या, आणि दिवसभरातलं सगळं वाकणं-वळणं त्या तिघींच्या वाट्याला. सांधलेला भाग कमरेत जितका खाली उतरलेला, तितका हा भार जास्त.

तिसरं कारण स्नायूंचं. कण्याला लगटून असलेले खोल स्नायू ऑपरेशनमध्ये हाडावरून सोडवले जातात. ते पुन्हा चिकटतात, पण काही भाग व्रणाचा होतो, काही बारीक नसा जातात. ताईच्या पाठीवर हाताएवढी एक जागा आहे, तिथे स्पर्श कळत नाही आणि तिथेच आतून मात्र कळ येते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्वचेची नस आणि आतली नस वेगळ्या असल्या की दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि कधीकधी हाड एखाद्या ठिकाणी जुळलेलंच नसतं. तिथे रोज बारीकशी हालचाल होत राहते, आणि कित्येक वर्षांनी सळी थकून तुटते. काहींना कट्कन आवाज आल्याचं आठवतं, काहींना सळी तुटल्याचं दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत कळतं.

या सगळ्या शोधात तपासणीत काहीच सापडत नाही, असंही अनेकदा होतं. सळ्या जागेवर, हाड जुळलेलं, गाद्या वयाला साजेशा, आणि तरी दुखतं. इथे मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट सुरू होते. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 साली प्रयोगांनी दाखवलं की दुखापतीचे संकेत बराच काळ येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशींची संवेदनशीलताच बदलते. मग आधी ज्याने दुखत नसे अशा हलक्या संकेतालाही त्या दुखणं म्हणून पुढे पाठवतात. आमच्या भागात हे समजावायला लांब जावं लागत नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले. कित्येक कुटुंबांनी ऐन थंडीत घराबाहेर तंबूत रात्री काढल्या. त्या दिवसांत नुसता जड ट्रक रस्त्यावरून गेला तरी माणसं दचकून उठत. ट्रकचा हादरा खरा होता, पण शरीराने त्याचा अर्थ भूकंप असा लावायला सुरुवात केली होती. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या पाठीचं असंच होतं. ते दुखणं मनाचे खेळ नाहीत. ज्या पेशी दुखण्याची वर्दी देतात त्याच बदललेल्या असतात.

याची दुसरी बाजूही आहे. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाठ अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरातल्या लोकांत 96 टक्के. म्हणजे एमआरआयवर 'गादी झिजली' असं आलं म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही, आणि काही आलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

आणखी एक आकडा ऑपरेशन केलेल्यांच्या मनावरचा भार हलका करेल. आयोवातल्या डॉक्टरांनी लहानपणी स्कोलिओसिस असूनही कसलाच उपचार न घेतलेल्या लोकांना तब्बल पन्नास वर्षांनी पुन्हा तपासलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्यातल्या 61 टक्के लोकांना जुनाट पाठदुखी होती, बाक नसलेल्या समवयस्कांमध्ये 35 टक्के. बहुतेकजण कामधंदा, संसार करत होते. 'आपण ऑपरेशन केलं नसतं तर दुखलं नसतं' ही टोचणी ज्यांना असते, त्यांनी हे लक्षात ठेवावं. दुखण्याची शक्यता त्या बाकासोबतच आलेली होती. ऑपरेशनने बाकाची वाढ थांबवण्याचं वचन दिलं होतं आणि ते बहुतेकींच्या बाबतीत पाळलं.

"पाऊस लागला की सळ्या दुखतात" असं ताई म्हणते आणि असं म्हणणारे पुष्कळ आहेत. सिडनीच्या संशोधकांनी 2014 साली कंबरदुखीचा आणि पावसाचा संबंध शोधला तेव्हा तो सापडला नाही. मला वाटतं आपल्याकडे पावसाबरोबर आणखी बरंच काही येतं. भाताची आवणी येते, चिखलात घसरू नये म्हणून अंग आखडून चालणं येतं, खड्ड्यांतून दुचाकीचे दणके येतात. डहाणूत पाठीच्या कष्टावर जगणारी माणसं फार, आणि हे फक्त इथलंच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगाव पाहणी केली तेव्हा पाठ-कंबरदुखी हा गावकऱ्यांचा एक मोठा त्रास निघाला. मुंबईचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर तिथे जाऊन रुग्ण पाहू लागले. ऑपरेशन न झालेल्या पाठींची ही गत, तर सळ्या घातलेल्या पाठीला "आता काय दुखतंय" म्हणणं किती अन्यायाचं आहे.

ताईने स्वतः काय बदललं ते सांगतो, कारण त्यात शास्त्र आहे. विळीवर खाली बसून चिरणं तिने सोडलं, ओट्यावर उभ्याने चिरते आणि एक पाय लाकडी पाटावर ठेवून आलटून-पालटून बदलते. रोज समुद्राकडे चालायला जाते. बरं वाटतंय त्या दिवशी सगळं घर आवरायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं व्हायचं, ही तिची जुनी सवय सोडायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला. फिजिओथेरपिस्टने तिला पाठीपेक्षा खुबे आणि पोट यांचे व्यायाम दिले, कारण तिच्या वाकण्याचा खरा भार तेच उचलतात. जुनाट दुखण्यात नियमित हालचाल, पुरेशी झोप आणि दुखण्याची भीती कमी करणारं समुपदेशन यांचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. महिनोन्महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा तसा नाही, उलट पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. पुन्हा ऑपरेशन करावं लागतं ते तुटलेली सळी, न जुळलेलं हाड, फार पुढे झुकलेला कणा, दबलेली नस, आत मुरलेला जंतुसंसर्ग अशा नेमक्या कारणासाठी.

मुलीचं ऑपरेशन झालंय म्हणून तिला मूल होणार नाही, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. ती चूक आहे. नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकतं. कमरेत सुई देऊन भूल द्यायची असेल तर ते अवघड जाऊ शकतं, म्हणून भूलतज्ज्ञाला आधीच जुने एक्स-रे दाखवावेत.

दुखणं जुनं असेल आणि तसंच असेल तर घाबरून जाऊ नका. पण नव्या जागी दुखू लागलं, पायातली ताकद कमी झाली, ताप येऊन जुन्या व्रणातून पू येऊ लागला, किंवा आरशात स्वतः पुढे वा बाजूला झुकल्यासारखे दिसू लागलात, तर मणक्याच्या डॉक्टरांकडे जा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी जा. मुंबईला जायचं असेल तर डहाणूहून 2013 पासून थेट चर्चगेटची लोकल आहे. वाटेत दर अर्ध्या तासाने उठून उभे राहा. डॉक्टरांकडे मानेपासून खुब्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला एक्स-रे मागा. आडवं झोपवून काढलेल्या एक्स-रेत पाठ पुढे झुकते की नाही ते कळत नाही.

शाळेतल्या मुलामुलींसाठीही एक विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधून झाली. त्या कार्यक्रमाच्या पथकाचे डॉक्टर शाळेत येतात तेव्हा दहा वर्षांवरच्या मुलींना एकदा पुढे वाकवून पाठ बघायला त्यांना सांगा. अर्धं मिनिट लागतं.

आणि ज्यांच्या पाठीत सळ्या आहेत त्यांनी एवढं कराच. ऑपरेशनचा कागद, त्यानंतरचा पहिला एक्स-रे आणि आत पोलाद आहे की टायटॅनियम याची नोंद एका पाकिटात घालून घरातल्या दोघांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा. पंचवीस वर्षांनी दुखायला लागलं की डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.